गोडी गेली, ती कुणाच्या लक्षात आली नाही

(पाटोदा इथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण. ज्या बायांचे अनुभव यात आले आहेत त्यांची नावं दिलेली नाहीत. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)



सकाळच्या सत्रात उचल, मुकादम आणि पोटगी यांवर इतकी चर्चा झाली, की आता जेवणानंतर मनाच्या आजारावर बोलायचं म्हणजे विषय बदलल्यासारखं वाटेल. पण विषय तोच आहे. मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती आपल्याकडे मारहाणीची केस म्हणूनच आली होती. नोंदवहीत ती आजही तशीच आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरातल्या एका वस्तीवरची मुलगी, वय एकोणीस, लग्नाला दोन वर्षं झालेली. आई तिला घेऊन आली. नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, अशी तक्रार होती आणि ती खरी होती. पाठीवर वळ होते. मी मुलीला विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "काही नाही." "माहेरी राहायचंय का?" "काही बी करा." "नवऱ्यावर केस करायची?" यावर उत्तरच नाही. ती रडली नाही, चिडली नाही. आईनं हात धरला तर तो धरू दिला, सोडला तर तिथंच राहू दिला. मी लिहिलं, 'मुलगी दहशतीखाली आहे, बोलत नाही.' नवऱ्याला बोलावलं, समज दिली, कागदावर लिहून घेतलं. काम झालं असं आम्हाला वाटलं. त्या हंगामाला दोघं कर्नाटकात ऊसतोडीला गेली.

त्याच हंगामात तिला आवाज ऐकू यायला लागले. मुकादम फडात नसतानाही तो आपल्याला हाका मारतोय, शिव्या देतोय, कोपीतल्या पाण्यात काहीतरी कालवतोय, असं ती म्हणायला लागली. एका पहाटे कोयता टाकून उसातून पळत सुटली. मग देवऋषी झाला, अंगारे झाले, एका यात्रेत नेऊन फिरवून झालं. शेवटी नवऱ्यानं तिला आईच्या दारात आणून सोडलं आणि वर्षाच्या आत दुसरी केली.

पुढे तिला बीडला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं, आजार कधीपासून आहे? सगळ्यांनी एकच सांगितलं, ऊसतोडीला गेल्यापासून. मीही तेच सांगितलं. नंतर कधीतरी तिच्या आईसोबत ओट्यावर बसून शेंगा फोडताना मी मागचं मागचं विचारत गेले, तेव्हा वेगळंच निघालं. ही पोर फेर धरण्यात पुढे असायची, गाणं सांगायची ती आणि बाकीच्या झेलायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली, लिंबाला झोका बांधला होता, ती त्यावर बसलीच नाही. सीताफळाच्या दिवसांत पूर्वी डोंगरात शिरली की संध्याकाळपर्यंत परत यायची नाही. त्या वर्षी घरात पाटी भरून सीताफळं होती आणि तिनं एक फोडलं नाही. मैत्रिणी येऊन बसायच्या, ही भिंतीकडे बघायची. आईला वाटलं, लग्न झालं, पोर शहाणी झाली. सासूनंही आधी चारचौघीत कौतुक केलं होतं की सून गरीब गाय आहे, हसणं नाही की खिदळणं नाही.

म्हणजे आवाज येण्याच्या दीड-दोन वर्षं आधी आजारानं घरात पाऊल टाकलं होतं, आणि दोन्ही घरांनी त्याला शहाणपण म्हटलं.

एम.एस.डब्ल्यू. करताना मनोविकारांचा एक पेपर मला होता. त्यात भास आणि भ्रम यांच्या व्याख्या आम्ही पाठ केल्या. परीक्षेत त्याच येतात. आनंद हरपण्याबद्दल त्या पुस्तकात दोन ओळी असतील. या लक्षणाला ॲनहेडोनिया म्हणतात. हा शब्द तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८९६ साली वापरात आणला. ज्या आजाराला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, मराठीत छिन्नमनस्कता, त्याला ते नाव ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिलं. त्यांच्या आधी एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराचं वर्णन केलं होतं, त्यातही भावना बोथट होणं, कशात रस न उरणं हे होतंच. सव्वाशे वर्षांपासून डॉक्टरांना ठाऊक असलेली ही गोष्ट आहे. पण आवाज ऐकू येणारा माणूस आरडाओरडा करतो म्हणून गावाला दिसतो. ज्याची गोडी गेली तो गप्प बसतो, म्हणून दिसत नाही.

जर्मनीत मानहाइम इथे हाइन्झ हेफ्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारानं पहिल्यांदाच दवाखान्यात आलेल्या दोनशेहून अधिक जणांचा मागोवा घेतला. रुग्णाला, घरच्यांना विचारून, मागे जात जात, पहिली खूण कधी दिसली ते शोधलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत सुरुवात भासांनी झालीच नव्हती. उदास वाटणं, ताकद नसणं, लक्ष न लागणं, माणसांतून मन उडणं, अशी झाली होती, आणि तीही सरासरीनं काही वर्षं आधी. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. बायांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा साधारण तीन-चार वर्षं उशिरा सुरू होतो, आणि पाळी जाण्याच्या वयाच्या आसपास आणखी काहीजणींना होतो. आता हे आपल्याकडच्या आयुष्यावर ठेवून बघा. मुलाचा आजार सुरू होतो तो बहुतेक आईच्या घरात. आपल्या मुलींची लग्नं ज्या वयात होतात ते बघता, मुलीचा आजार सुरू होतो तो सासरी. ती आधी कशी होती हे तिथं कुणाला माहीत नसतं. फरक ओळखायला आधीचं माणूस ठाऊक असावं लागतं.

ही गोडी नेमकी जाते कशी, यावरही बराच अभ्यास झाला आहे. पूर्वी समज असा होता की अशा माणसाला सुख जाणवतच नाही. डेव्हिड गार्ड, ॲन क्रिंग वगैरे संशोधकांनी २००७ साली वेगळं मांडलं. गोड खाल्लं तर ते त्या क्षणी गोड लागतं, फारसं कमी नाही. कमी होते ती पुढच्या सुखाची ओढ. हे केलं तर बरं वाटेल, असं आतून वाटणंच बंद पडतं आणि मग हात हलत नाही. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा या ओढीशी संबंध आहे असं मानलं जातं. मी हे वाचलं तेव्हा मला त्या मुलीचंच वाक्य आठवलं. बरी झाल्यावर तिला मी सीताफळाचं विचारलं होतं. ती म्हणाली, "खाल्लं असतं तर गोडच लागलं असतं की. पण खावंसंच वाटंना. कुणीतरी माझ्यातून वाट बघणंच काढून नेलं होतं."

वाट बघणं हा बायांच्या जगण्याचा केवढा भाग आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचमीची वाट, दिवाळीला भाऊ न्यायला येण्याची वाट, हंगाम सुटून गावाकडे परत येण्याची वाट. ऊसतोडीला गेलेली बाई रात्री तीन-चारला उठते, पिण्याचं पाणी आणते, भाकरी थापते, मग फडात नवरा तोडतो आणि ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. हे सहा महिने ती कशाच्या जोरावर काढते? कशाची तरी वाट बघते म्हणून. ती ओढच गेली तर काय होईल? आणि तिथं कोयता म्हणजे जोडपं. उचल जोडीवर घेतलेली असते. बाईचा हात मंदावला की टनाचा आकडा घसरतो आणि उचल फिटत नाही. म्हणून आपल्याकडे हा आजार पहिल्यांदा मुकादमाच्या हिशेबात दिसतो. डॉक्टरच्या आधी तो नवऱ्याच्या काठीला दिसतो. "माजली", "कामचुकार झाली", "हिचं लक्ष दुसरीकडं आहे" ही त्याची पहिली निदानं.

आता एक सावधगिरी, कारण इथून गेल्यावर तुम्ही प्रत्येक गप्प बाईकडे संशयानं बघायला लागाल. आनंद हरपण्याची कारणं पुष्कळ आहेत. सगळ्यात जास्त आढळतं ते नैराश्य. बाळंतपणानंतरचं वेगळं. अंगात रक्त नसणं, थायरॉइड कमी असणं, यानंही बाई अशीच होते. आमच्याकडच्या एका बाईला घरचे 'वेडाच्या डॉक्टरकडे न्या' म्हणत होते. तपासणीत थायरॉइड निघालं, आणि गोळी सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांत तीच बाई बचत गटाच्या बैठकीत हिशेबावरून भांडायला लागली. मूल गेल्याचं दुःख असतं, रोजची मारहाण असते. कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या बाया आपल्या जिल्ह्यात किती आहेत ते २०१९ च्या पाहणीनं सगळ्या महाराष्ट्राला कळलं. त्यांचं अंग दुखणं आणि मन मरणं वेगळं काढता येत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि ॲलिसन युंग यांनी १९९० नंतर अशा पूर्वखुणा असलेल्या तरुण मुलामुलींसाठी खास दवाखाना सुरू केला. अशा दवाखान्यांचा आजवरचा अनुभव असा, की ज्यांच्यात ठळक पूर्वखुणा दिसतात त्यांच्यापैकीही दोन-तीन वर्षांत पुरा आजार होतो तो साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याला. बाकीच्यांना होत नाही. तेव्हा निदान करणं आपलं काम नाही आणि शिक्का मारणं तर नाहीच. आपलं काम, दिसलं की विचारणं आणि सोबत जाणं. गोडी जाण्यासोबत रात्रीची झोप उलटीपालटी झाली, आंघोळ-वेणीफणी सुटली, घरच्यांवर, शेजाऱ्यांवर भलता संशय यायला लागला, एकटीच पुटपुटायला लागली, तर थांबू नका. आजार पुरता उघडा पडल्यावर उपचाराविना जितका काळ जातो तितकं सावरणं अवघड होतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे.

विचारायचं कसं? "दुःख आहे का?" असं विचारलं तर आपली बाई म्हणते, "कुणाला नसतं?" ते खरंच असतं आणि बोलणं तिथं संपतं. मी आता विचारते, "यंदा पंचमीला काय केलंस?" "पूर्वी काय आवडायचं?" "आता कशाची वाट बघतेस?" केस घेण्याच्या आपल्या फॉर्मवर मारहाण कधीपासून, हुंडा किती, मुलं किती, सगळं आहे. तिला काय आवडतं याला रकाना नाही. मी त्या फॉर्ममध्ये दहा वर्षांत कधी तो घातला नाही, कारण बाईला आनंद हवा असतो हे आपल्यालाही फारसं सुचत नाही. हक्क सुचतो, संरक्षण सुचतं.

यावर चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींचा एक आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. बाईला वेडी ठरवणं हे तिला गप्प करण्याचं जुनं हत्यार आहे. घटस्फोट हवा असला की वेडाचा दाखला निघतो, जमीन हवी असली की निघतो. आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो, बाई वेडी नाही, तिचं जगणं तिला वेडं करतंय. भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरच्या पुस्तकात हा सगळा प्रश्न स्त्रीवादी बाजूनं उभा केला आणि त्याच वर्षी पुण्यात बापू ट्रस्ट सुरू झाला. मला त्यातून पुष्कळ शिकायला मिळालं. पण त्या मुलीच्या बाबतीत माझ्या हातून उलटं झालं. हिंसा दिसली म्हणून मी आजार बघितला नाही. हिंसा खरी होती, आजारही खरा होता, आणि एकामुळे दुसरा वाढत होता. एक मान्य केला की दुसरा नाकारावा लागतो, असं मी त्या वेळी धरून चालले होते.

कायद्याचं इथं नीट लक्षात ठेवा, कारण वकीलसुद्धा चुकीचं सांगतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसतं स्किझोफ्रेनियाचं निदान पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली रामनारायण गुप्ता यांच्या प्रकरणात सांगितलं, की आजार इतक्या तीव्रतेचा असला पाहिजे की जोडीदारानं सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. २०१३ साली कोल्लम चंद्रशेखर यांच्या प्रकरणातही बायकोला हा आजार आहे एवढ्यावर घटस्फोट दिला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की मानसिक आजार असणं म्हणजे आपोआप 'अस्थिर बुद्धीची' ठरणं नव्हे. ते न्यायालयानं ठरवावं लागतं. कोर्टात कुणी आजाराचा पुरावा आणला आणि दुसऱ्या बाजूनं तो नाकारला, तर ते प्रकरण मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवायची तरतूद त्यातच आहे. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा त्याच कायद्यानं हक्क आहे. भूत काढायच्या नावानं मारणं, साखळीनं बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि नवऱ्यानं दुसरी केली म्हणून पहिलीची पोटगी जात नाही. पूर्वीचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.

चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या आर. थारा आणि सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या आणि संसार मोडलेल्या बायांचा अभ्यास २००३ मध्ये छापला. आजाराच्या कलंकापेक्षा टाकलेली असण्याचा कलंक बाईला आणि तिच्या घरच्यांना जास्त बोचतो, असं त्यांना आढळलं. आपल्या मुलीची आई मला हेच म्हणाली होती, "येडी म्हणू द्या लोकांना, पण सोडून दिली म्हणत्यात ते ऐकवत नाही." तुमच्यापैकी काहींनी 'देवराई' पाहिला असेल, २००४ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. आजारी भावाला बहीण आपल्या घरी आणते, संसाराची ओढाताण सोसून सांभाळते. सिनेमा फार चांगला आहे, गावोगाव दाखवण्यासारखा आहे. फक्त दाखवून झाल्यावर मी बायांना विचारते, आजारी बहीण असती तर? एकदा एका गावात बराच वेळ कुणी बोललंच नाही.

औषधांबद्दल थोडं. औषधांनी आवाज आणि संशय बऱ्याच अंशी कमी होतात. गेलेली गोडी मात्र तितकी परत येत नाही, आणि मात्रा जास्त झाली तर औषधानंच माणूस सुस्त आणि कोरा होतो. घरच्यांना वाटतं बरी झाली, शांत बसते. आपल्याला पुन्हा तेच, गरीब गाय. काही गोळ्यांनी बायांची पाळी चुकते, छातीला दूध येतं, वजन वाढतं. आपल्या या मुलीची पाळी दोन महिने आली नाही तेव्हा वस्तीवर नको ते बोललं गेलं आणि आईनं घाबरून गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात आवाज परत आले. मी आधी सांगून ठेवलं असतं तर हे टळलं असतं. डॉक्टरांना सांगितल्यावर गोळी बदलून मिळाली, इतकं ते साधं होतं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण त्रास मात्र डॉक्टरांना सांगायचाच, पाळीचासुद्धा, पुरुष डॉक्टर असला तरी.

आणि गोळीच्या पलीकडचं काम आपल्यासारख्यांनाही जमतं. 'कोप्सी' नावाचा एक प्रयोग तामिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली लॅन्सेटमध्ये आले. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जायचे, घरच्यांशी बोलायचे, औषधांकडे लक्ष ठेवायचे, थोडं थोडं काम पुन्हा सुरू करून द्यायचे. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा याचा फायदा थोडाच, पण नक्की दिसला. मी तेच केलं, जरा उशिरा. तिला "काय करावंसं वाटतं?" असं विचारायचं सोडून दिलं, कारण वाटतच नव्हतं. आईला सांगितलं, वाटायची वाट बघू नका, आधी करू द्या, मग वाटेल. रोज एकच गोष्ट. शेळीला पाला टाकायचा. मग पाला आणायला बांधापर्यंत जायचं. आणि आल्यावर तिला विचारायचं, जाताना कसं वाटत होतं आणि आल्यावर कसं वाटलं. तिला लिहिता येतं. तिनं वहीत आकडे घातले. जाताना शून्य, आल्यावर दोन. तो दोनचा आकडा आम्ही तिला पुन्हा पुन्हा दाखवायचो.

सगळीकडे असं होतं असं नाही. देशभरच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ च्या, असं दिसलं की अशा तीव्र आजाराच्या चार जणांतले सुमारे तीन उपचाराबाहेर आहेत. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पाटोद्याहून बीडचं जिल्हा रुग्णालय चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय त्याहून कितीतरी लांब. एका फेरीला बाईची मजुरी जाते, सोबत येणाऱ्या आईची जाते. हंगामात तर औषध आणायचं कुणी आणि फडावर पोचवायचं कुणी? १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, तो प्रत्येकीनं लिहून घ्या. पण फोन गोळी आणून देत नाही. हंगामाला निघायच्या आधी दोन-तीन महिन्यांची औषधं एकदम देता येतील का, हे आपण जिल्हा रुग्णालयाशी बोलून ठरवलं पाहिजे. निवेदनाचा मसुदा मी आणला आहे.

ती मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण ती त्यांना ओळखते. गेल्या पंचमीला झोक्यावर बसली नाही, दुसऱ्यांना झोका दिला. मी विचारलं किती, तर म्हणाली तीन. पोटगीचा अर्ज कोर्टात आहे. पुढची तारीख आणि तिला बीडला डॉक्टरांना दाखवायचा दिवस नेमका एकच आला आहे. आई एकीकडेच जाऊ शकते. दुसरीकडे तिच्यासोबत कोण जाईल, ते चहाच्या सुट्टीत ठरवून टाकू.